'नोंद सापडली नाही' हे कोण म्हणतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मानवत तालुक्यातल्या एका ज्येष्ठ वाचकाचं पत्र आपण मागच्या आठवड्यात छापलं. पासबुक हातात असताना खिडकीवरच्या मुलाने त्यांना "काका, तुमची नोंदच नाही" म्हणून परत पाठवलं, आणि "कम्प्युटरने आमचं नाव खाल्लं" असं त्यांनी वैतागून लिहिलं होतं. त्यावर आलेल्या दोन प्रतिक्रियाही वाचल्या. एकाने ऑपरेटर पोरांना झोडपलंय, दुसऱ्याने जुन्या खतावण्या परत आणा म्हणून मागणी केली आहे. दोन्ही पटल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

मी सेलूत राहते. पीएचपी भाषेत लिहिलेली छोटी-मोठी सॉफ्टवेअर दुरुस्त करणं हा माझा धंदा. नवीन करून देण्याची कामं पुण्याची आणि संभाजीनगरची पोरं घेऊन जातात. चार-पाच वर्षांनी त्यांचे फोन लागेनासे होतात आणि मग माझा फोन वाजतो. पतसंस्था, जिनिंग, वाचनालय, क्लासेस, सगळीकडची कामं येतात. शिवाय एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्रॅक्टिकल घेते. त्यामुळे 'नोंद सापडली नाही' या वाक्याशी माझी रोजची गाठ आहे, आणि ते वाक्य कम्प्युटरचं नसतं हे मी खात्रीने सांगू शकते. ते कुणीतरी माणसाने आधीच लिहून ठेवलेलं असतं, आणि कधी छापायचं हेही त्यानेच ठरवलेलं असतं.

खिडकीवर काय घडतं ते थोडं उलगडून सांगते. ऑपरेटर नाव टाइप करून बटण दाबतो. ते नाव सर्व्हरवरच्या पीएचपी प्रोग्रॅमकडे जातं. प्रोग्रॅम त्यातून एक प्रश्न तयार करतो, त्याला आम्ही क्वेरी म्हणतो, आणि मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसला विचारतो: सभासदांच्या तक्त्यात या नावाचं कोण आहे? याचा निकाल तीन तऱ्हांनी लागतो. एक, माणूस आहे, ही घ्या त्याची माहिती. दोन, सगळा तक्ता बघितला, या नावाचं कुणी नाही. याला आम्ही शून्य ओळी म्हणतो. तिसऱ्या तऱ्हेत प्रश्नच चालत नाही. तक्त्याचं नाव चुकलेलं असतं, नाहीतर क्वेरीत एखादं चिन्ह अडकलेलं असतं. अशा वेळी पीएचपीच्या हातात ओळींऐवजी नुसतं 'फॉल्स' येतं. म्हणजे विचारणं फसलं.

आता आपल्याकडच्या निम्म्याअधिक जुन्या प्रोग्रॅमांत पुढची ओळ अशी असते: मिळालेल्या ओळी शून्यापेक्षा जास्त असतील तर दाखव, नाहीतर 'नोंद सापडली नाही' असं छाप. दुसरा आणि तिसरा, दोन्ही निकाल त्या एका 'नाहीतर'मध्ये जाऊन पडतात. पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नाही आणि पोस्टमन गावात गेलाच नाही, या दोन्हींवर एकच शिक्का मारावा तसला हा प्रकार आहे. माझं सगळं भांडण या एका शिक्क्याशी आहे.

पीएचपीची घडण याला थोडी कारणीभूत आहे. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती लोकांसाठी खुली केली तेव्हा ती स्वतःचं घरगुती वेबपान सांभाळायची हत्यारं होती. पानावर काहीतरी दिसलं पाहिजे, छोट्या चुकीपायी सगळं अडू नये, असा तिचा स्वभाव. जुन्या आवृत्त्यांत 'फॉल्स'ला "तुझ्यात ओळी किती?" असं विचारलं तर ती एक इशारा छापते, काहीच नाही असं उत्तर देते आणि पुढे चालू लागते. काहीच नाही हे शून्यापेक्षा जास्त नाही, म्हणून गाडी बिनबोभाट 'नाहीतर'कडे वळते. उरतो तो इशारा. तो गिऱ्हाइकासमोर बरा दिसत नाही म्हणून प्रोग्रॅमर त्या ओळीपुढे ॲटचं चिन्ह टाकतो. हे चिन्ह टाकलं की इशारा स्क्रीनवर येत नाही आणि सहसा कुठे लिहूनही ठेवला जात नाही. स्क्रीनवर येऊ नये हे बरोबरच आहे, पण तो सर्व्हरवरच्या लॉग फाइलमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, तरी उतरायला हवा ना? मी पहिल्यांदा एखाद्या संस्थेत जाते तेव्हा ती फाइल उघडायला मागते. बहुतेक ठिकाणी ती बंदच असते. जागा फार खात होती म्हणे.

भाषेच्या कर्त्यांना हे कळलेलं नाही असं नाही. २०२० च्या शेवटी आलेल्या ८.० आवृत्तीत 'फॉल्स'च्या ओळी मोजायला गेलं की प्रोग्रॅम जागेवर थांबतो. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या ८.१ मध्ये तर क्वेरी फसताक्षणी पीएचपीचा मायएसक्यूएलशी बोलणारा भाग स्वतःहून अपवाद फेकतो, म्हणजे बोंब मारतो. पण आपल्या तालुक्यांमधल्या संस्थांच्या सर्व्हरवर मला अजूनही ७.४ भेटते, जिचे सुरक्षेचे अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाले. अधूनमधून ५.६ सुद्धा भेटते. एका ठिकाणी नवी आवृत्ती बसवलेली पाहून मला आनंद झाला, तो क्षणभर टिकला. कुणीतरी ती बोंब पकडायची सोय करून ठेवली होती आणि पकडल्यावर काय छापायचं, तर 'नोंद सापडली नाही'.

हे झालं तिसऱ्या तऱ्हेचं. पण दुसऱ्या तऱ्हेतही, म्हणजे डेटाबेसने प्रामाणिकपणे शून्य ओळी म्हटलं तरी, माणूस तिथे नसतोच असं नाही. यासाठी एक प्रकरण सविस्तर सांगते. संस्थेचं नाव सांगत नाही.

आमच्याकडे हिंगोली-परभणी पट्ट्यात कऱ्हाळे आडनाव बरंच आहे. एका पतसंस्थेत या आडनावाचे एक काका ठेव मोडायला आले. ऑपरेटरने आडनाव टाकलं, शून्य ओळी. पुन्हा टाकलं, पुन्हा शून्य. काकांचा आवाज चढला: "ताई, वसुलीच्या वक्ताला माह्यं नाव बरं सापडतंय! आन् पैसे द्यायच्या वक्ताला कामून सापडत नाही?" सगळे हसले, पण काकांनी नेमका धागा पकडला होता. वसुलीची यादी निघते खाते क्रमांकावरून आणि खिडकीवरचा शोध चालतो नावावरून. म्हणजे माणूस तक्त्यात आहे, नावाने हाक मारली की ओ देत नाही.

अशा वेळी माझी एक ठरलेली रीत आहे. प्रोग्रॅममधला कोड वाचत बसायचं नाही, आधी तयार झालेली क्वेरी जशीच्या तशी छापून घ्यायची. कोडमध्ये काय लिहिलंय आणि डेटाबेसकडे प्रत्यक्ष काय पोचलं, यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. ती छापली, डोळ्यांनी वाचली, अक्षरन् अक्षर बरोबर. ती उचलून पीएचपीमायॲडमिनमध्ये, म्हणजे डेटाबेस उघडून बघायच्या साधनात, थेट चालवली. तिथेही शून्य. म्हणजे पीएचपी सुटली, घोळ डेटात. मग खाते क्रमांकावरून नोंद काढली. आली. आडनावाच्या रकान्यात स्वच्छ 'कऱ्हाळे'. स्क्रीनवर दोन्ही नावं शेजारी-शेजारी ठेवली तर कुणालाही फरक सांगता येणार नाही.

पीएचपीत 'व्हार_डम्प' नावाची एक सोय आहे. विद्यार्थी ती वापरायचा कंटाळा करतात, नुसतं 'एको' करून, म्हणजे थेट छापून बघतात. एको 'फॉल्स' असलं तरी काही छापत नाही, 'नल' (म्हणजे मूल्यच नाही) असलं तरी नाही आणि रिकामा मजकूर असला तरी नाही. तिन्ही वेळा पांढरी स्क्रीन, आणि पोरगं म्हणतं, "मॅडम, काहीच येत नाहीये." व्हार_डम्प मात्र हातात काय आहे त्याची जात सांगते, आणि मजकूर असेल तर तो किती बाइटचा आहे हेही सांगते. ऑपरेटरने टाइप केलेलं 'कऱ्हाळे' तिने २१ बाइटचं सांगितलं. डेटाबेसमधून आलेलं, तेच दिसणारं 'कऱ्हाळे' २४ बाइटचं.

यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे जुन्या नोंदीत एक चिन्ह जास्तीचं होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं. एकेका बाइटचा आकडा हेक्समध्ये काढल्यावर सापडलं. आपला ऱ्ह दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. कागदावर, स्क्रीनवर, पासबुकावर दोन्ही सारखेच उमटतात. संस्थेची जुनी सगळी नावं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणताना रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने दुसरी तऱ्हा वापरली होती. ऑपरेटरचा कीबोर्ड पहिली वापरत होता. तक्त्याची तुलना करायची पद्धत होती 'जनरल सीआय', आणि ती देवनागरीतल्या असल्या खुब्या ओळखत नाही. तिच्या लेखी ती दोन वेगळी नावं. आता हे फक्त कऱ्हाळ्यांचं दुखणं नाही. गोऱ्हे, बऱ्हाटे, बाऱ्हाळी गावचे लोक, पत्त्यात 'शेतकऱ्यांची सोसायटी' लिहिणारे, ज्यांच्या कुणाच्या लिखाणात हा अर्धा 'ऱ' येतो ते सगळे त्या सॉफ्टवेअरमधून वर्षानुवर्षं गायब होते. दुरुस्ती मात्र छोटी निघाली. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा नाव एकाच तऱ्हेत बदलून घ्यायचं, बस्स. काकांना त्याच दिवशी पैसे मिळाले.

मुंबई-पुण्यात बसून इंग्रजी नावांवर सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला हे कधी दिसणारच नाही. मराठी नावांचं सॉफ्टवेअर मराठी नावांवर, आणि त्यातही अवघड मराठी नावांवर, तपासून घ्यायला हवं.

कधी कधी तर नोंद होतानाच चुकीची होते आणि शोधताना पाप दुसऱ्याच्या माथी बसतं. एका जिनिंगवर कापूस घातला की शेतकऱ्याला वजनाचा आणि भावाचा मेसेज जायचा, तो जाईना. मेसेज पाठवणारी कंपनी म्हणे नंबर चुकीचे, शेतकरी म्हणत आम्ही बरोबर दिले. तक्ता उघडला तर खालपासून वरपर्यंत सगळ्यांचा मोबाइल नंबर एकच: २१४७४८३६४७. आकडी दहा, म्हणून वरवर बघणाऱ्याला मोबाइल नंबरच वाटतो. प्रत्यक्षात मायएसक्यूएलच्या साध्या पूर्णांकाच्या रकान्यात मावणारा तो सगळ्यात मोठा आकडा आहे. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे झाडून सगळे त्याहून मोठे. डेटाबेसने प्रत्येक नंबर कमाल मर्यादेपर्यंत छाटून ठेवून दिला आणि तक्रार केली नाही. मायएसक्यूएल ५.७ पासून, म्हणजे २०१५ पासून, असला आकडा आला की ते मुळातच नाकारतं, याला स्ट्रिक्ट मोड म्हणतात. इथे तो मुद्दाम बंद केलेला होता, कारण तो चालू ठेवला की जुनं सॉफ्टवेअर "एरर देत होतं". देणारच! रकाना बदलणं हे दहा मिनिटांचं काम, पण छाटलेले नंबर परत येत नसतात. ते वजनाच्या पावत्यांवरून पुन्हा भरावे लागले.

जिल्ह्यांच्या नावांचंही असंच झालं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. एका क्लासेसच्या प्रवेशअर्जात नवी नावं घातली गेली, छान दिसू लागली. पण तक्त्यातला जिल्ह्याचा रकाना होता पंधरा अक्षरांचा. 'औरंगाबाद' लिहायला मायएसक्यूएलच्या हिशेबाने आठ चिन्हं लागतात, 'उस्मानाबाद'ला दहा. 'छत्रपती संभाजीनगर'ला मधली जागा धरून सतरा. स्ट्रिक्ट मोड इथेही बंद. त्यामुळे तक्त्यात जाऊन बसलं 'छत्रपती संभाजीन'. जिल्हावार अहवाल हा तक्ता जिल्ह्यांच्या यादीशी नावावरून जोडत होता, आणि ज्यांची जोडी जुळत नाही त्यांना अशी जोडणी गुपचूप गाळते. सगळ्यात मोठ्या जिल्ह्याची मुलं अहवालातून नाहीशी झाली, आणि अहवालाची बेरीज मात्र चोख, कारण जे दिसतं त्याचीच ती बेरीज. धाराशिवची मुलं निम्मी जुन्या नावाखाली, निम्मी नव्या. वसतिगृहाच्या खोल्या या अहवालावरून ठरायच्या. वॉर्डन मॅडमनी दारात उभ्या असलेल्या मुली आणि कागदावरचा आकडा यांचा मेळ बसत नाही म्हणून बोंब केली, तेव्हा ते उघड झालं. नावाऐवजी जिल्ह्याला एक कोड दिला असता आणि नाव एकाच ठिकाणी लिहिलं असतं, तर ती एक ओळ बदलून काम भागलं असतं. जिल्हे बदलणं आम्हा मराठवाड्याच्या लोकांना नवीन थोडंच आहे? जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला वेगळा झाला आणि हिंगोली तर आमच्याच परभणीतून १९९९ मध्ये निघाला.

आणखी एक जातकुळी आहे, ती मला सगळ्यात घातक वाटते. फॉर्म भरला, बटण दाबलं, 'नोंद यशस्वी' असा हिरवा पट्टा आला, आणि तक्त्यात काहीच नाही. एका ठिकाणी असं फक्त काही लोकांचंच व्हायचं. क्वेरी छापून बघितल्यावर कळलं की ज्यांनी पत्त्यात घराचं नाव एकेरी अवतरणचिन्हात लिहिलं होतं, 'श्रीकृपा', 'मातोश्री' असं, तेवढ्यांचीच नोंद पडत नव्हती. क्वेरीत मजकूर एकेरी अवतरणातच बांधलेला असतो. घराच्या नावाचं अवतरण आलं की डेटाबेसला वाटतं मजकूर तिथेच संपला, आणि पुढचं त्याला काही उमजत नाही. क्वेरी फसली, पण हिरवा पट्टा क्वेरीच्या निकालाकडे न बघताच छापला जात होता. याच भोकातून वाईट हेतूचा माणूस आपल्याला हवी ती आज्ञा डेटाबेसला देऊ शकतो, ते वेगळंच. क्वेरी आणि माहिती वेगवेगळी पाठवायची सोय, जिला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात, पीएचपीत मायएसक्यूएलआय आणि पीडीओ या डेटाबेसशी बोलायच्या दोन्ही साधनांत कितीतरी वर्षांपासून आहे. ती वापरली की घराला काय हवं ते नाव द्या.

वाचनालयाच्या यादीतून नेहमी पहिलाच सभासद गळायचा, तेही सांगायला हवं, पण ते लवकर आटपते. नोंदी आहेत का हे बघायला प्रोग्रॅम एक ओळ उचलायचा, आणि मग छापायला बसायचा तो दुसऱ्या ओळीपासून. यादी अकारविल्हे, त्यामुळे दरवेळी एकच बिचारा 'अ'वाला. त्याला वाटायचं ग्रंथपाल आपल्यावर खार खाऊन आहेत.

मुलांना हे शिकवलं जातं का, असं कुणी विचारेल. प्रॅक्टिकलच्या जर्नलांत मला अजूनही जुनी 'मायएसक्यूएल_क्वेरी' घराण्यातली फंक्शन्स लिहिलेली दिसतात. ती २०१३ मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या ७.० मधून काढूनच टाकली. वरून वरून जर्नल उतरवत आलेलं, कोण बदलणार? त्यात आणखी 'ऑर डाय'ची ओळ असते, म्हणजे क्वेरी फसली की डेटाबेसची चूक सरळ पानावर छापायची आणि प्रोग्रॅम संपवायचा. घरी बसून शिकताना हे ठीक आहे. खिडकीवर ते चालणार नाही, कारण तक्त्यांची नावं आणि रकाने जगाला दिसतात. म्हणजे एक तर सगळं उघडं, नाही तर सगळं झाकलेलं. खिडकीवर सभ्य वाक्य आणि लॉगमध्ये खरी चूक, वेळेसकट, ही मधली वाट कुणी दाखवत नाही. माझ्या तासाला मी एक प्रयोग करते. मुलांचा प्रोग्रॅम चालला की मी त्यांच्या तक्त्याचं नाव गुपचूप बदलते आणि म्हणते, आता शोधा. ज्याच्या स्क्रीनवर 'नोंद सापडली नाही' येतं त्याला सही मिळत नाही. सुरुवातीला पोरं चिडतात. "मॅडम, असं थोडंच कुणी करतं?" कुणी करत नाही, पण विंडोजवर तयार केलेलं सॉफ्टवेअर लिनक्स सर्व्हरवर चढवलं की आपोआप हेच होतं. विंडोजवर तक्त्याच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्सवर सहसा चालत नाही.

आता ज्यांच्या हातात चेकबुक आहे त्या संचालक मंडळींना एक सुचवते, आणि हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना रंग, लोगो, अध्यक्षांचा फोटो हे सगळं बघून होतं. त्यासोबत प्रोग्रॅमरला सांगा, बाबा, याची एक नक्कल प्रत काढ, तिच्यातल्या सभासदांच्या तक्त्याचं नाव आमच्यासमोर बदल, आणि अध्यक्षसाहेबांचं नाव शोधून दाखव. स्क्रीनवर 'नोंद सापडली नाही' आलं तर शेवटचा हप्ता थांबवा. 'माहिती तपासता आली नाही, क्रमांक अमुक, कृपया तांत्रिक विभागाला कळवा' असं काही आलं तर विचारा की हा क्रमांक कुठे लिहिला जातो, आणि ती फाइल उघडून दाखवायला लावा. मग एखाद्या कऱ्हाळ्यांचं नाव दोन्ही तऱ्हांनी टाकायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याला इंग्रजी यावं लागत नाही. करारातही दोन ओळी घालाव्यात: चुकांची नोंद किती दिवस जपणार आणि ती बघायचा अधिकार संस्थेला राहणार. आज बहुतेक ठिकाणी सर्व्हरचा पासवर्डसुद्धा संस्थेकडे नसतो. प्रोग्रॅमर नोकरीला बंगळुरूला गेला की पासवर्डही बंगळुरूला.

ऑपरेटर मुलांवर राग काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की तो काढू नये. स्क्रीनवर जे आलं तेच ते सांगणार, आणि सात-आठ हजारांत त्यांनी आणखी काय करावं? त्यांना संस्थेने एवढंच शिकवावं की नावाने सापडलं नाही तर खाते क्रमांकाने शोधायचं, आडनावाची पहिली दोन अक्षरं टाकून यादी काढायची, गावावरून बघायचं. हे सगळं करूनही हाती काही लागलं नाही तर 'तुमची नोंद नाही' म्हणायचं नाही, 'मला सापडत नाही' म्हणायचं, आणि तक्रारवहीत लिहून घ्यायचं.

मानवतच्या त्या काकांना, आणि त्यांच्यासारख्यांना, एवढं सांगेन की पुढच्या वेळी खिडकीवरून हलण्याआधी एक कागद पुढे करा. ऑपरेटरने नेमकं काय टाइप केलं, स्क्रीनवर कोणतं वाक्य आलं, तारीख काय आणि घड्याळात किती वाजले, हे त्याच्याच हाताने लिहून घ्या. पासबुकावरचा खाते क्रमांकही त्यावर टाका आणि त्याची पोच शिक्क्यासह मागा. लॉग चालू असेल तर त्या वेळेवरून चूक शोधायला माझ्यासारखीला फार वेळ लागत नाही. लॉग बंद असेल, तर तो का बंद आहे हे वार्षिक सभेत विचारायला तो कागद उपयोगी पडेल.

माझी गिऱ्हाइकं मला ओळखतील आणि कुठली संस्था ती यावरून गावात चर्चा होईल, म्हणून कृपया नाव छापू नये.

आपली,
पीएचपीची कामं करणारी एक वाचक,
सेलू, जि. परभणी